लस न घेतलेला नागनाथ

"नको नाना, सकाळीच घेतलाय," मी म्हणालो.

दत्तूनाना माझ्या टेबलावर बाटली ठेवून उभे होते. कोल्ड्रिंकची जुनी बाटली, आत गडद, बिनदुधाच्या चहासारखं काहीतरी. ते दिवस काढ्याचे होते. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस डॉक्टरसाठी काढा घेऊन यायचा. कुणाचा गुळवेलीचा, कुणाचा आडुळशाचा. नाही म्हटलं तर माणसं रुसायची. म्हणून मी सगळ्यांचे घोट घेऊन बघितले होते आणि कोरोनापेक्षा काढ्यानंच जास्त हैराण झालो होतो.

"साहेब, काढा न्हाय ह्यो," नाना म्हणाले. "बालाजीची लघवी हाय."

मी हात मागे घेतला. हा किस्सा मी घरी सांगतो तेव्हा इथवर सगळे हसतात. पुढचं सहसा सांगत नाही. आज लिहून टाकतो.

मी तेव्हा येडशीच्या पुढच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. लशीचे कॅम्प जोरात चालू होते. दत्तूनानांचा बालाजी तेवीस-चोवीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवणारा, अंगानं भरलेला पोरगा. घट बसायच्या आदल्या दिवशी शाळेतल्या कॅम्पात त्यानं लस घेतली होती. लस दिली आमच्या शैलाताईंनी. शैलाताई म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाई. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच पहिली सुई टोचलेली.

बालाजी बाहेर रिक्षात होता. त्याला उतरवायला दोघं लागले. तोंड सुजलेलं. मांड्या इतक्या दुखत होत्या की बाकावर बसताना ओरडला.

"कधीपासून दुखतंय?"

"घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं," नाना म्हणाले. "लशीचा तापबी आलता. लघवी थोडी थोडी व्हायलीय, आन् ती अशी."

"जड काम केलं का काही? सोयाबीन काढलं?"

"न्हाय ओ. घट बसल्यापासनं शेतात पाऊल न्हाय ठेवलं त्यानं."

"साप, विंचू? करंट बसला?"

"न्हाय."

"औषध कुठलं?"

"दुखायची गोळी घेतली दोनतीनदा."

सगळी उत्तरं खरी होती. नानांना खोटं बोलता येत नाही, असं मला आजही वाटतं.

मी लघवीत पट्टी बुडवली. ही कागदाची रंगीत पट्टी असते, लघवीत रक्त असलं की तिचा एक चौकोन हिरवा होतो. तो गडद हिरवा झाला. बीपी वाढलेलं. आता थोडं समजावून सांगतो. किडनी म्हणजे एक चाळणी. रक्तातली घाण खाली सोडते, रक्ताच्या पेशी वर ठेवते. चाळणीला सूज आली की भोकं बिघडतात. पेशी खाली गळतात, लघवी लाल-काळी होते, अंगात पाणी साठतं, तोंड सुजतं. ही सूज बऱ्याच कारणांनी येते. घसा बिघडल्यानंतर येते, काही औषधांनी येते. आणि लशीनंतर आल्याच्याही केसेस जगात नोंदल्या गेल्या होत्या. फार थोड्या, पण होत्या. मी ते वाचलेलं होतं. न वाचता बसलो असतो तर झोप चांगली लागली असती.

मी सोलापूरला पाठवायची चिठ्ठी लिहिली. त्यात इंग्रजीत लिहिलं, लशीनंतर किडनीला सूज, आणि त्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह काढलं. आमच्या धंद्यात ते प्रश्नचिन्ह म्हणजे 'शंका आहे, तपासा'. अॅम्ब्युलन्स गेली. जाण्याआधी नानांच्या पुतण्यानं चिठ्ठीचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो पंचक्रोशीत फिरला. माझ्या बायकोच्या मोबाईलवरसुद्धा आला, तिच्या माहेरच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, 'सरकारी डॉक्टरनं लिहून दिलं, लशीनं किडनी फेल.'

"हे तुझं अक्षर आहे ना?" बायकोनं विचारलं.

"हो. पण त्यात प्रश्नचिन्ह आहे."

"कुठंय?"

मी दाखवलं. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"मला वाटलं तुझी सही आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंचा फोन.

"सर, उपकेंद्राला गावानं कुलूप लावलंय. माझ्या कुलपावर त्यांचं कुलूप. बाळांच्या लशीबी आतच हायत. मला म्हणले, बाई, आता गावात सुई न्हाय. कुणालाच न्हाय."

"तुम्हाला कुणी काही बोललं?"

"बोलले न्हाईत. बालाजीच्या चुलतीनं दारातनं पाणी न्हाय विचारलं. त्या पोराचा जन्म माझ्या हातचा हाय सर."

लगेच वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन. लशीनंतर काहीही विपरीत झालं की त्याची चौकशी करावीच लागते. लशीनं झालं असो वा नसो. 'नंतर' झालं म्हणजे 'मुळं' झालं असं नसतं, आणि नसतंच असंही नाही, म्हणून ती चौकशी.

"डॉक्टर, लशीनं झालंय की नाही? एका शब्दात सांगा."

"सर, माहीत नाही."

"हे दोन शब्द झाले."

"एका शब्दातलं उत्तर अजून माझ्याकडं नाही, सर."

"मग गावात जा आणि आणा. आणि चिठ्ठीवर जरा जपून लिहीत जा."

निघणार तेवढ्यात सोलापूरहून किडनीच्या मॅडमचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलायला लागल्या की मीच विद्यार्थी होतो.

"सर, तुमच्या बालाजीची पट्टी रक्त दाखवते. पण मायक्रोस्कोपखाली लघवीत रक्ताच्या पेशीच नाहीत."

मी खुर्चीत बसलो. चाळणी सुजली असती तर पेशी गळायला हव्या होत्या. रंग आहे आणि पेशी नाहीत, म्हणजे रंग दुसरीकडून आला. स्नायूंमध्येही एक लाल रंग असतो. स्नायू फार ताणले, ठेचले, जळले की फुटतात. तो रंग रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन चिखलासारखा बसतो. पट्टीला दोन्ही लाल सारखेच दिसतात.

"स्नायूंची टेस्ट पाठवलीय, रिपोर्ट उद्या येईल," मॅडम म्हणाल्या. "पण मला आजच ठरवायचंय. लशीची सूज असेल तर स्टेरॉइड सुरू करायचं, किडनीचा तुकडा काढून तपासायचा. स्नायू फुटले असतील तर हे दोन्ही नको, डायलिसिस आणि वाट बघणं. आई म्हणते पोरगा घरात झोपून होता. झोपून कुणाचे स्नायू फुटत नाहीत, सर. त्यानं काय केलं ते मला शोधून द्या."

मी आणि शैलाताई गावात गेलो. देवीच्या देवळासमोर पत्र्याचा मांडव होता. आत घट, फुलांच्या माळा आणि मधोमध मोठ्या समईसारख्या दांडीवर ज्योत. तेल घालायला एक म्हातारबाबा बसलेले. बाकी गाव मांडवात, आणि सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. माझं पोट माझ्या आधी मांडवात शिरतं, एरवी त्यावर कुणीतरी काही बोलतं. त्या दिवशी कुणी बोललं नाही.

बापूराव हे गावातले जुने माणूस. निवडणूक कुणीही जिंको, गाव ऐकतं बापूंचं.

"या डॉक्टरसाहेब. बसू नका, उभंच ऱ्हावा. एकच काम हाय." त्यांनी ज्योतीकडं हात केला. "तिच्यावर हात धरा आन् म्हणा, बालाजीला लशीनं झालं न्हाय. म्हणा. समदं गाव उद्या दंड उघडं करून तुमच्या दारात."

शैलाताईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, म्हणून टाका सर.

म्हणायला काय लागतं? चार शब्द. मागं पाचशे माणसांच्या लशी, बाळांच्या गोवराच्या लशी, वरच्या साहेबांचं एका शब्दातलं उत्तर. आणि मी देवदेव फारसं न करणारा माणूस. पण म्हातारबाबा माझ्याकडं बघत होते. ज्योतीसमोर खोटं बोलणं एक वेळ जमलं असतं, त्यांच्यासमोर नाही.

"बापू, मला अजून माहीत नाही," मी म्हणालो.

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, ह्येंनाच ठावं न्हाय आन् आमाला टोचायलेत!"

"माहीत नाही म्हणूनच आलोय. त्या पोरानं लशीनंतर काय केलं ते सांगा."

"काय केलं न्हाय."

"काहीच नाही?"

"घरीच व्हता."

आता काय विचारायचं हे मला सुचेना. आमच्या घरात मी प्रसिद्ध आहे, सुचेना की मी समोरच्या वस्तूबद्दल विचारतो. सासरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत बसलो होतो. इथं समोर ज्योत होती.

"ज्योत यंदा कुठून आणली, बापू?"

"कुठनं म्हंजी? तुळजापुरातनं. दर साली घट बसायच्या दिशी आणतोत. गेल्या साली बंद व्हतं, यंदा आणली."

"पळत?"

"पळतच की. अनवाणी. आई जीपमधी बसून येती व्हय?" मांडव थोडा हसला.

"कोण कोण होतं?"

"मंडळाची पोरं. आळीपाळीनं धरत्यात, बाकीचे टेम्पोत बसत्यात. पर यंदा दोघांनीच आणली." बापूंची छाती जरा पुढं आली. "गेल्या सालचा खाडा भरून काढायचा म्हणून नवस. दोघांनी आलटून पालटून, टेम्पोत पाय न ठेवता, उपाशीपोटी. पाण्याचा थेंब न्हाय."

"दोघं कोण?"

"एक आपला बालाजीच की!"

मी नानांकडं बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते.

"नाना, मी विचारलं होतं, जड काम केलं का."

"ते काम कुठंय साहेब?" नाना खरोखर बुचकळ्यात पडले होते. "ती सेवा हाय."

तुळजापूरहून धाराशिव, तिथून येडशीचा घाट, तिथून पुढं गाव. ऑक्टोबरचं ऊन, तापलेलं डांबर, अंगात लशीचा ताप, पोटात पाणी नाही, आणि घरी आल्यावर पाय दुखायला लागले की गोळी. ती गोळी कोरड्या पडलेल्या किडनीला अजून मारते. आम्ही साप विचारला, विंचू विचारला, करंट विचारला. तुळजापूर माझ्याही घरचं कुलदैवत आहे. तरी ते विचारायचं सुचलं नाही.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. मग स्टेरॉइड नको. आणि सर, दुसरा मुलगा कसा आहे?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्यांनी विचारला.

"बापू, दुसरा कोण होता?"

"नागनाथ. शेवंताबाईचा."

"तो कसा आहे?"

"त्याला काय व्हतंय?" मागून एक पोरगा म्हणाला. "त्यानं लस घेतलीच न्हाय! सुईला भ्येऊन कॅम्पाच्या दिशी बाभळीवर चढून बसलता."

मांडव मनमोकळा हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू ते. मीही हसलो असेन, मला पक्कं आठवत नाही. शैलाताई हसल्या नाहीत. त्या चालायला लागल्या होत्या.

नागनाथचं घर देवळामागंच. शेवंताबाई विधवा, एकुलतं एक पोरगं. त्या दारात भांड्यात सब्जा भिजवत होत्या.

"उन्हाळी लागलीय त्याला," त्या म्हणाल्या. "लघवी लाल व्हत व्हती. धनं-जिरं दिलं, सब्जा दिला. आता लाल व्हायची थांबली."

"थांबली म्हणजे?"

"काल सकाळपासनं झालीच न्हाय."

नागनाथ खाटेवर होता. श्वास भराभर, उचक्या लागलेल्या, ओठ कोरडे. खाटेच्या कडेला त्याचे पाय दिसत होते. तळव्यांची साल निघालेली, त्यावर हळद लावलेली. मनगटावर ज्योतीच्या तेलाचे भाजलेले ठिपके. शैलाताईंनी नाडी धरली आणि माझ्याकडं बघितलं. नाडी चुकत होती.

स्नायू फुटले की त्यांच्यातला पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात येतो. किडनी चालू असली तर लघवीवाटे निघून जातो. बंद पडली तर साठतो आणि हृदय थांबवतो. त्याला उपाय डायलिसिस. आमच्या केंद्रात डायलिसिस नाही. होतं ते कॅल्शियमचं इंजेक्शन, हृदयाला थोडा वेळ सावरून धरणारं, ते गाडीत असतं.

मी सुई काढली तसा त्यानं डोळे उघडले.

"साहेब, लस हाय का ती?"

"नाही रे. दुसरं औषध आहे."

"मंग द्या," तो म्हणाला. आणि हात पुढं केला.

अॅम्ब्युलन्समध्ये मी, शैलाताई, शेवंताबाई. मॅडमनी सोलापूरला मशीन तयार ठेवलं होतं. पोरगा अधूनमधून शुद्धीवर यायचा. ज्या रस्त्यानं तो पळत आला होता त्याच रस्त्यानं आम्ही उलटे चाललो होतो. तुळजापूर आलं तेव्हा शेवंताबाईंनी खिडकीतून हात जोडले. त्यालाही म्हणाल्या, "जोड बाळा." त्यानं जोडले.

तामलवाडी मागं पडली आणि त्याचं हृदय थांबलं. शैलाताई आणि मी आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. सोलापूरच्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनीही बराच वेळ प्रयत्न केले. मग हात थांबवले.

बालाजीचा स्नायूंचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. आकडा इतका मोठा होता की लॅबनं पुन्हा तपासून पाठवला. त्याला बरेचदा डायलिसिस लागलं. नंतर हळूहळू लघवी सुरू झाली. दिवाळीत तो घरी आला, काठी घेऊन चालत. आता ट्रॅक्टर चालवतो. चौकशीचा निकाल लागला. लशीशी संबंध नाही, अतिश्रमानं स्नायू फुटले. लशीच्या तापानं त्यात किती भर घातली, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तसं लिहिलं. साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं." मी ठेवलं. नागनाथची चौकशी झाली नाही. त्यानं लस घेतली नव्हती.

गावानं आपला निकाल आधीच लावला होता. बालाजीला लशीनं झालं आणि देवीनं वाचवलं. नागनाथला उन्हाळी बाधली. बापूराव मला म्हणाले, "आईच्या सेवेत माणसाला इजा व्हती, असं तुमी लिवलंय म्हणत्यात." मी म्हणालो, बालाजी पाणी प्यायला नाही, एवढंच लिहिलंय. उपकेंद्रावरचं गावाचं कुलूप पुढच्या आठवड्यात निघालं, कुणी काढलं ते कळलं नाही. चिठ्ठीचा फोटो अजून कधीकधी फिरतो. हा रिपोर्ट कुणी फिरवला नाही.

महिन्याभरानं शेवंताबाई केंद्रात आल्या. मला वाटलं पोराच्या मृत्यूचं सर्टिफिकेट हवं असेल. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या, पदर सावरला.

"एक इचारू का साहेब?"

"विचारा की मावशी."

"माझ्या पोरानं लस घेतली असती, तर तुमी आधी आला असता का?"

शैलाताई कपाटापाशी होत्या.

लस घेतली असती तर लाल लघवी दिसताच गावानं बोंब मारली असती. तीही बाटली माझ्या टेबलावर आली असती. बालाजीबरोबर एकाच गाडीत दोघं गेले असते.

"हो," मी म्हणालो. "आधी आलो असतो."

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. मग दंडावरचा पदर वर केला आणि शैलाताईंना म्हणाल्या, "टोच बाई."

पुढच्या नवरात्रात शैलाताई स्वतः टेम्पोत बसून गेल्या, पाण्याचे जार घेऊन. पोरं देवीची शपथ घालून पाणी नको म्हणायची. शैलाताई त्यांना सांगायच्या, तीर्थ आहे, प्या. पीत होती.

मी माझ्यापुरता एक बदल केला. आता कुठल्याही गावात 'लशीनं झालं' म्हणून चौकशीला जातो, तेव्हा लस घेतलेल्याकडं नंतर जातो. आधी विचारतो, ज्यानं घेतली नाही तो कुठंय? माणसं हसतात. मी उभा राहतो, कुणीतरी घर दाखवेपर्यंत.